गुढियारीहून यायचा डबा

माझ्या चुलत सासूबाईंकडे एकदा गेलेलं माणूस दुसऱ्यांदा गेलं नाही, असं अख्ख्या रायपुरात कधी घडलेलं नाही. त्या कोणतीही गोष्ट एका बैठकीत संपवत नसत. लाडू आज देत आणि तो कसा केला ते उद्या सांगत. बातमी दारातच अर्धी सांगून, दूध उतू जाऊन राहिलं म्हणत आत निघून जात, आणि आत चुलीवर काहीच नसायचं. मी लग्न होऊन रायपूरच्या तात्यापारा वस्तीत आले तेव्हा खालच्या खोलीबाहेर पाऊल टाकायचाही मला संकोच वाटे. ह्या चुलत सासूबाई, म्हणजे आमच्या काकूजी, वरच्या मजल्यावर राहत. माझ्या सासूबाई लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी रुसून माहेरी कशा निघाल्या होत्या, ती हकिगत त्यांनी मला सांगायला घेतली आणि सासूबाई सायकलरिक्षात बसल्या तिथेच थांबवली. पुढचं ऐकायला मी अकरा दिवस दुपारी जिना चढले. अकराव्या दिवशी सासूबाई स्टेशनाच्या चौकातूनच परत आल्या, कारण त्यांना भूक लागली होती. तोवर मला जिन्याची सवय होऊन गेली होती.

पुढे शहर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, आणि गल्लीतल्या बायकांचं एकमेकींकडे जाणं कमी झालं. काकूजींच्या दारात चपला दिसेनाशा झाल्या. मग त्यांनी मोठा फोन घेतला, महिनाभर गच्चीवर बसून लोकांची चॅनेलं पाहिली, आणि एका दुपारी मला त्यांचा निकाल सांगितला. "हे लोक सगळं एकाच दिवशी सांगून टाकतात वं. मग उद्या कोण येईन यांच्याकडे?"

आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात काहीतरी घालूनच देतात. काकूजींनी स्वतःचं चॅनेल काढलं आणि त्यावरची थेट दिसणारी मालिका ह्याच रिवाजावर बांधली. सोमवारी त्यांचा डबा काहीतरी घेऊन गल्लीतल्या एका घरी जायचा. शुक्रवारपर्यंत तो भरून परत यायचा, आणि शनिवारी दुपारी चार वाजता फोनसमोर त्याचं झाकण उघडायचं. चारच का, तर तेव्हा बायकांची भांडी घासून झालेली असतात आणि पुरुष झोपलेले असतात. फोन मी धरायचा, कारण मला समोर बसायला सांगितलं असतं तर मी माहेरी पळाले असते. "बसा, झाकण लागूनच आहे," असं म्हणून त्या सुरू करत, आणि डब्यावर हात ठेवून त्या घरची सून, त्या घरचा उंबरठा, त्या घरची फोडणी यांवर वीस मिनिटं बोलत. आपण स्वतः आधी डोकावून पाहायचं नाही, हा त्यांचा कडक नियम होता. आधी पाहिलं की तोंडावर दिसतं म्हणत.

त्यासाठी त्यांनी दोनशे पानी वही केली होती. तिच्यात कोणत्या घरानंतर कोणतं घर घ्यायचं ते आखलेलं असे. गोड घरानंतर तिखट घर यायचं. सुगरणीच्या घरानंतर मुद्दाम वाईट स्वयंपाकाचं घर, म्हणजे पाहणाऱ्याला वाटतं की पुढच्या शनिवारी तरी बरं निघेल. वाईट स्वयंपाकाचं म्हणून त्यांनी आमचंही घर दोनदा घेतलं, पण ते मला वहीत वाचल्यावर कळलं. एकदा तर समोरच्या छत्तीसगढी शेजारणीचा डबा त्यांनी तासभर कौतुक करून न उघडताच ठेवला आणि बाकी पुढच्या शनिवारी, असं जाहीर केलं. नियमाप्रमाणे मधे कोणी झाकणाला हात लावला नाही. पुढच्या शनिवारी आतल्या फऱ्यांना, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या मुटक्यांना, कापसासारखी बुरशी आली होती. काकूजींनी पदर नाकाला लावून तेवढ्याच प्रेमाने पंधरा मिनिटं फऱ्याबद्दल सांगितलं. ती शेजारीण महिनाभर आमच्याकडे न पाहता जात होती, पण शनिवारी चार वाजता तिच्या खिडकीतून काकूजींचाच आवाज यायचा.

थंडीत गच्चीवर उन्हाला बसून त्या पुढचं बोलत, तेव्हा वही मांडीवर मिटलेली असे आणि डोळेही. डबा एक दिवस गाडीत बसेल. राजनांदगावला उतरेल, तिथून काही घेऊन डोंगरगडला जाईल, मग गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि शेवटी वर्ध्याला, जिथल्या एका घरात त्या आणि त्यांची बहीण लहानाच्या मोठ्या झाल्या. प्रत्येक गावची एकेक बाई झाकण उघडेल आणि आपलं काही घालून पुढे पाठवेल. हे ऐकताना मलाही ऊन लागून झापड यायची, आणि तो डबा खिडकीपाशी बसून बाहेरची शेतं पाहत चाललेला दिसायचा. पण वहीतल्या प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक घर लिहून खोडलेलं असे आणि पुढच्या महिन्यात परत लिहिलेलं असे. ते होतं गुढियारी.

गुढियारीला, म्हणजे रायपुरातच स्टेशनापलीकडे, त्यांची तीच धाकटी बहीण राहते. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांची पंगत बसलेली असताना, काकूजी कढी पातळ झाली असं बोलून गेल्या. त्या दिवसापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. एका शनिवारी बोलण्याच्या ओघात काकूजी हे फोनसमोर सांगून बसल्या, आणि मग पाहणारे सोडीनात. गुढियारीला डबा कधी पाठवता, हेच दर वेळी लिहून यायचं. शेवटी त्यांनी पुरणपोळ्या केल्या आणि डबा माझ्या मालकांच्या हाती दिला, कारण ते गुढियारीच्या रेल्वे मालधक्क्यावरच कामाला आहेत. डबा भरून आला तर बोलणं सुरू, रिकामा आला तर मले बहीण नाही, असं त्यांनी मला जिन्यात सांगून टाकलं.

तीन शनिवार डबा आला नाही. त्या तीन शनिवारी जेवढी माणसं पाहायला आली तेवढी कधीच आली नव्हती, आणि काकूजींनी प्रत्येक वेळी पाचच मिनिटांत आटोपतं घेतलं. चौथ्या आठवड्यात शुक्रवारी मालक डबा घेऊन आले आणि खालीच माझ्या हातात देऊन म्हणाले, "हलका लागून राहिला." मी उघडून पाहिलं. रिकामा होता, घासून आरशासारखा केलेला. मालक म्हणाले, काकूजींच्या बहिणीनं माझ्यासमोरच पुसला, खूप वेळ पुसत होती, दोनदा आत गेली आणि तसाच आणून दिला.

घरात काहीच नसलं तर भांड्यात साखर घालून देतात. मी वाटीभर साखर घातली, झाकण लावलं आणि डबा वर नेऊन ठेवला. साखर सगळ्या घरची सारखीच, असा मी विचार केला.

शनिवारी काकूजींनी नेहमीसारखं बोलणं लांबवलं नाही. झाकण उघडलं, आत पाहिलं, मग फोनच्या वरून माझ्याकडे पाहिलं. चित्र काहून हलून राहिलं, असं खाली कोणीतरी लिहिलं. त्यांनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, "गुढियारीहून साखर आली," एवढंच म्हणाल्या आणि मला बंद करायची खूण केली.

पुढच्या शुक्रवारी मालक एक तीन पुडाचा डबा घेऊन आले. तो आमचा नव्हता आणि चांगला जड होता. काकूजींची बहीण स्वतः चालत मालधक्क्यावर आली होती आणि निरोप देऊन गेली होती. तो निरोप मला वर जाऊन सांगावा लागला. हा फोनसमोर उघडायचा नाही. मी तो सांगितला आणि त्याच दमात साखरेचंही सांगून टाकलं.

"ते मले तेव्हाच समजलं," काकूजी म्हणाल्या. "तिच्या घरी साखर येतच नाही. तिले शुगर आहे, नवऱ्यालेही." मग त्यांनी डब्याची कडी बोटाने वरखाली केली. "फोनसमोर नको म्हणते, म्हणजे ती पाहून राहिली होती वं. दर शनिवारी."

मी बहिणीला फोन लावून देऊ का म्हणून विचारलं. त्यांनी नको म्हटलं, डबा उचलला आणि गच्चीवर गेल्या. दार ओढून घेतलं. त्यात काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

त्यानंतर मालिका झाली नाही. शनिवारी काकूजी ऑटो करून गुढियारीला जातात आणि अंधार पडायच्या आत भांडून परत येतात. पाहणारे अजून विचारतात, डब्यात काय निघालं. त्या उत्तर देत नाहीत. एवढं मोठं गुपित हाती असताना त्यांनी त्याचा एकही भाग केला नाही, याचं मला नवल वाटतं.

शनिवारी चार वाजले की गल्लीतल्या बायका सवयीने काम टाकून बसतात आणि पाहायला काही नाही म्हणून उठून दाराशी येतात. समोरची शेजारीण येते, तिच्या बाजूची सिंधीण येते. थोडा वेळ उन्हात उभ्या राहून बोलतात. मीही फोन धरायचा नसतो म्हणून दारापर्यंत जाते. परवा समोरचीने विचारलं, भाजी काय केली, तर मी सांगितलं, आणि कशी केली तेही. बोलताना मी एकदा वर पाहिलं. काकूजींची खिडकी बंद होती.