ट्रॉली आली की उतरायचं

सुमनअक्का माझी थोरली बहीण. मी शिकलो तो तिच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. नेदरलँड्सला नोकरीसाठी निघालो त्या सकाळीही तीच सायकल होती. फक्त पायडल मी मारत होतो आणि मागे मांडीवर माझी पिशवी घेऊन अक्का बसली होती. आमच्या वस्तीपासून प्रकाशा गावाच्या स्टँडपर्यंतचा रस्ता. उसाचा हंगाम. मागून ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू आली आणि अक्काने माझ्या पाठीवर थाप मारली.

“ट्रॉली उनी का उतरी जाय, भाऊ. ती काय आपलाकरता थांबस का?”

शाळेची सगळी वर्षं मी हे वाक्य ऐकलं होतं. गाणी ऐकू आली की उतरायचं, डांबर सोडायचं, सायकल बाभळीला टेकवायची, आणि डबल ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे तोंडासमोरून जाऊ द्यायचे. जाता जाता एखादा ऊस ओढून घ्यायचा. भीतीची तेवढीच भरपाई.

इथे पहिल्याच आठवड्यात सायकलने कामावर निघालो. सायकलींसाठी तांबड्या रंगाचा वेगळा रस्ता. एका वळणावर वाळूने भरलेला ट्रक आला. मी उतरलो, कडेला झालो, सायकल धरून उभा राहिलो. ट्रकही उभा राहिला. मी त्याची वाट पाहतोय, तो माझी. मागे शाळेची पोरं घंट्या वाजवू लागली. शेवटी चालकाने हात पुढे केला, जा म्हणून. मी सायकल ढकलत पलीकडे गेलो आणि तिथेच थांबून पाहत राहिलो. दप्तरं पाठीला लावलेली पोरं गप्पा मारत जात होती आणि एवढाल्या गाड्या त्यांच्यासाठी थांबत होत्या. आमच्याकडे अशी वाट फक्त पालखीला मिळते.

आता मी असेच रस्ते आखणाऱ्या कचेरीत काम करतो. माणसं भली म्हणून थांबतात, असं मला आधी वाटायचं. पण इथे चालकाच्या भलेपणावर काही सोडलेलंच नाही. वळण आवळलेलं, रस्ता जरा उचललेला. वेग आपोआप मोडतो. हे कळलं तेव्हा नवल कमी झालं नाही, वाढलं. म्हणजे हे आपल्याकडेही करता येईल.

मागच्या महिन्यात अक्काचा फोन आला. माझी भाची वैशाली आठवीत गेली, तिला शाळेसाठी सायकल मिळाली, पण ट्रॉल्यांच्या भीतीने दाजी ती रस्त्यावर नेऊ देत नाहीत, अंगणात गोणपाटाखाली उभी आहे. जीप मिळाली तर शाळा, नाही तर घरी. असंच चाललं तर पोरीची शाळा सुटेल, अक्का म्हणाली. मी दाजींना समजावू लागलो, तर ते शांतपणे म्हणाले, “शालकबुवा, तुम्हना रस्ता तठे शे. आठे ट्रॉली शे.”

मग मी अक्काला पत्र लिहिलं.

“अक्का,

दाजींचं चूक नाही. ‘जाऊ दे, काही होत नाही’ असं मी इतक्या लांबून सांगणार नाही. सोबत आपल्या रस्त्याचं चित्र पाठवलंय. बाभळी काढून साइडपट्टी मुरमाने भरायची, ट्रॉलीचं चाक चढणार नाही असे दगड मध्ये लावायचे, शाळेजवळ रस्ता उचलायचा. ग्रामसभेत तूच मांड, तुझं ऐकतात. मी हंगामाआधी येतोय, कचेऱ्यांत दोघं मिळून जाऊ. पट्टी होईपर्यंत साऱ्या पोरींनी एकत्र जावं आणि मागे मोठं माणूस असावं. मी आहे तोवर मागे मी.

ट्रॉली काय आपल्यासाठी थांबते का, असं स्टँडच्या वाटेवर तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं होतं. आठे थांबस, अक्का. मी रोज देखस.

आनि तरी मी आजूनबी उतरी जास.”