कच्चा कपडा दुकानाबाहेर जात नाही

गल्लीत सगळे त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे 'उद्या' म्हणत. "कोट उद्याकडे टाकलायस का? मग पुढच्या थंडीत घालशील," असं लोक एकमेकांना सांगत, आणि तरीही टाकत त्यांच्याकडेच. अंगावर कपडा बसवावा तर या शिंप्यानेच, हे सगळ्यांना मान्य होतं. विचारायला गेलं की मास्तर मशीनवरून मानही वर न करता म्हणायचे, "झालाय हो. काजं-बटणं तेवढी राहिलीत. उद्या या." ज्याच्याबद्दल हे चाललेलं असायचं तो कपडा बहुतेक वेळा मागच्या फळीवर घडीतच पडलेला असायचा. त्याने कात्रीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसायचं.

पण एका बाबतीत माणूस पक्का होता. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी कधी शिलाई मारली नाही. आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालायचे, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचं, कुठे चिमूटभर आत घ्यायचं, कुठे बोटभर सोडायचं, आणि त्यानंतर मशीन. कच्चा कपडा दुकानाबाहेर जात नाही, हा त्यांचा नियम. एकदा एक नवरदेव गाडी चुकेल म्हणून रडकुंडीला आला, तरी मास्तरांनी त्याचा कोट सोडला नाही. तो बिचारा भावाच्या कोटात लग्नाला उभा राहिला. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात दवाखान्यात नोकरी करत होती. तिथेच तिने एक सुतार पसंत केला आणि लग्नाची तारीख कळवली. "माझा ड्रेस तुम्हीच शिवायचा, बाबा. आणि स्वतः घेऊन यायचं." मापं जावयाने घेतली, तीही सुतारकामाच्या पत्र्याच्या टेपने. मास्तरांनी ती ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अरे, पोरगी आहे का फळी?" पण कापड गडद जांभळं, सुरेख निघालं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक कपडा वेळेआधी कापला. कच्चे टाके घालून तो दुकानात हँगरला लटकवला. पुढचं काम तिकडे गेल्यावर, लेकीच्या अंगावर.

व्हिसासाठी मास्तर आणि त्यांची बायको एकाच दिवशी गेले. एकाच खिडकीवर कागद दिले, ठशांसाठी एकाच काचेवर बोटं टेकवली. साधारण तीन आठवडे लागतात, असं खिडकीतल्या मुलीने सांगितलं. बायकोचा व्हिसा त्याच्याही आधी आला. मास्तरांचा काही आला नाही. का आला नाही, हे विचारायची सोय नव्हती.

बायको निघाली तेव्हा म्हणाली, "द्या तो ड्रेस, मी नेते."

"अगं, ट्रायल कुठे झालीय? मी येतोच आहे मागोमाग."

"अहो, आणि नाही आलात तर?"

"न यायला काय झालं? दोघांचे कागद बरोबरच गेलेत. शेवटचा शिक्का तेवढा राहिला असेल."

या माणसाबरोबर बायकोने संसार केला होता, नियम तिला ठाऊक होता. ती रिकाम्या हाताने विमानात बसली.

दुकानात रोज संध्याकाळी बँकेतल्या बाई यायच्या. त्यांचा कोट मागच्या थंडीपासून मास्तरांकडे होता. आता येणं होतंच आहे तर म्हणून त्या आपल्या मोबाइलवर मास्तरांच्या अर्जाचं काय झालं तेही बघून द्यायच्या.

"प्रक्रियेत आहे," बाई वाचायच्या. "आणि माझा कोट?"

"काजं-बटणं राहिलीत."

असा कार्यक्रम बरेच दिवस चालला. मध्येच व्हिसाच्या साइटवरचे तीन आठवड्यांचे आठ आठवडे झाले. मग आठवडे गेले आणि 'काही अर्जांना अधिक वेळ लागू शकतो' एवढंच उरलं. मास्तरांनी चौकशीच्या नंबरावर फोन लावला. बऱ्याच वेळाने एक गोड आवाज म्हणाला, "सर, तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे. कृपया काही दिवसांनी पुन्हा संपर्क करा."

मास्तरांनी फोन ठेवला. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. न चिडता, न अडखळता, मान वर न करता बोलायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. चोराची पावलं चोरालाच ठाऊक. त्यांचा अर्ज कुठल्या तरी फळीवर घडी घालून पडलेला होता आणि त्याला अजून कोणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

"नाही येत तो," ते बाईंना म्हणाले.

"असं कसं? प्रक्रियेत आहे म्हणतात ना?"

"म्हणूनच म्हणतो."

लग्न आठवड्यावर आलं होतं. मास्तरांनी ड्रेस हँगरवरून काढून मशीनवर घेतला. पक्की शिलाई मारून पाठवावा, असं एकदा मनात आलं. पण त्या पत्र्याच्या टेपवर भरवसा कोण ठेवणार? शिवून टाकला आणि बसला नाही तर उसवायला तिथे कोण होतं? बायकोला तर साधं बटण लावता येत नव्हतं, घरात शिंपी असताना ती शिकणार तरी कशाला? शेवटी त्यांनी सुई खोवली, ड्रेसची घडी घातली आणि कच्च्या टाक्यांसकट तो पार्सलात बांधला. पार्सल देऊन परत आले तेव्हा त्यांना फार वाईट वाटत होतं. बायकोच्या हातात दिला असता तर केव्हाच पोचला असता, हे ते स्वतःलाच शंभरदा सांगत राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी पार्सल पोचलं. ट्रायल मोबाइलवर झाली. तिकडे बायको फोन धरून उभी, इकडे दुकानात मास्तर डोळे बारीक करून बसलेले.

"वळ. हात वर कर. अगं, फोन सरळ धर, मला छत दिसतंय! हां. डाव्या खांद्याला चिमूटभर आत. टाचणी लाव. टोचू नकोस तिला."

ड्रेस बसला होता. खांदा सोडला तर त्यात काढण्यासारखं काही नव्हतं. जावयाची मापं बरोबर निघाली, हे मास्तरांनी मोठ्या मनाने कबूल केलं.

"इथे कोपऱ्यावर एक शिलाईवाली आहे," बायको म्हणाली. "तिच्याकडून मारून घेऊ?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. "घे मारून," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई नेमक्या त्याच वेळी आल्या आणि मास्तरांच्या खांद्यावरून मोबाइलवर लग्न बघत उभ्या राहिल्या. नोंदणीचं छोटंसं ऑफिस, चार खुर्च्या, सुतार नव्या बुटांत अवघडलेला. लेक सही करायला वाकली आणि मास्तर ओरडले, "अगं, टाके दिसतायत!"

जांभळ्या बाहीवर पांढरा दोरा लांबूनही चमकत होता. खांद्याला टाचणी तशीच होती.

"दिसू देत," लेक म्हणाली. "नाही नेला मी शिलाईवालीकडे. तुमचं काम आहे, तुम्ही येऊन करा."

मास्तरांनी समोर होतं ते कापड उचललं आणि डोळे पुसले. ते बाईंच्या कोटाचं कापड होतं, अजून अखंड, कापडाच्या दुकानातून आलं तसंच. बाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा लग्नाकडे नजर वळवली.

व्हिसा आला तो त्यानंतर महिन्याने. बाईंनीच वाचून दाखवला. "मंजूर! आता काय उपयोग मेल्यांचा?"

मास्तर फळीवरून जांभळ्या दोऱ्याचं रीळ काढत होते.

"तुमचा कोट मी परत आल्यावर शिवतो, बाई. कापलेलासुद्धा नाही अजून."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण मास्तर, आता जाताय कशाला? लग्न तर होऊन गेलं."

"कच्चा कपडा बाहेर गेलाय माझा," मास्तर म्हणाले, आणि रीळ बॅगेत टाकलं.