तार एकच हाय

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या अक्कांवर. कधी? गेल्या श्रावणात, भीमेचं पाणी चढलं त्या मंगळवारनंतर दोनच दिवसांत, भर दिवसा. करणारे कुणी परके नाहीत. हे वाचणारे तुम्ही, आणि माझं घर.

अक्का म्हणजे टेलिफोन कचेरीत ट्रंक बोर्डावर बसून परगावचे फोन जोडून देणाऱ्या बाई. विणकराच्या घरातल्या, घरात तेलुगू, नळावर मराठी. दोघं एकदम बोलायला लागले की त्यांचं एक बोट वर जायचं. "एकेकानं बोला की. तार एकच हाय." हे कचेरीत, तसंच नळावरही. घागरी आपटणाऱ्या बाया ते बोट बघून गप्प व्हायच्या, मग हसायच्या. एका लग्नात दोन्हीकडचे व्याही एकदम ओरडायला लागले, तर अक्का पंगतीतून उठल्या. हाताला बासुंदी, बोट वर. "आदी मुलीकडचे. तीन मिनिटं."

त्या मंगळवारी नदीकडच्या तारा मोजक्या, आणि नदीकाठी सोयरे असलेलं अख्खं सोलापूर. ज्यांच्याकडे फोन त्यांनी तो उचलला, बाकीचे त्यांच्या दारात उभे. प्रश्न सगळ्यांचा एकच: पाणी कुठवर आलं? लागला नाही की पुन्हा मागायचा, आधीचा रद्द न करता. जादा पैसे भरून 'लाइटनिंग' कॉल मागितला की नंबर पुढं लागतो, म्हणून सगळ्यांनीच लाइटनिंग मागितला.

"समदेच पुढं, मग मागं कोण?" अक्का नंतर उंबऱ्यावर बसून मला सांगत होत्या. "नदीत पाणी मावंना, तारंत माणसं मावंनात. त्यो बी पूरच की."

त्यातच वरच्या अंगाच्या गावातून पोस्टमास्तरांचा निरोप कसाबसा पोचला. मोठा लोंढा येतोय, खालच्या गावांना उठवा. उठवायला तार मोकळी नव्हती. साहेब जेवायला गेलेले. अक्कांनी कुणाची वाट बघितली नाही. बोलत्या माणसांसकट बोर्डावरच्या, फोन जोडणाऱ्या दोऱ्या उपसल्या आणि खालच्या गावांना एकेक करून फोन लावत बसल्या. त्या संध्याकाळी ती गावं लेकराबाळांसह टेकाडावर होती. घरं गेली, माणसं राहिली.

तुटलेल्या फोनांत एक माझ्या वडिलांचा. नदीकाठच्या पोस्टातून आत्या "दादा, पाणी गावच्या येशीत" एवढंच बोलली आणि तार मुकी झाली. वडील रात्रभर भिंतीला टेकून बसले. आत्या दोन दिवसांनी एसटीनं आली, शेळीचं करडू काखेत घेऊन. पण तोवर अर्ज गेला होता. आमच्याच दुकानात, चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवून लिहिलेला: मुजोर बाईला बोर्डावरून काढा. दुसरी सही वडिलांची. त्याच आठवड्यात मी पूरग्रस्तांसाठी पत्रकं वाटत फिरत होतो. विषय, माणुसकी.

"आता तरी सही मागं घ्या," मी म्हणालो.

"चारचौघांत केलेली सही मागं घेतली तर चारचौघं काय म्हणतील? आणि तिनं सांगून तोडायचा होता."

हे मी अक्कांना सांगितलं, तर त्या हसल्या. "सांगायला बी तार लागती की, बाळ."

चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा हुकूम आला. गल्लीत मान खाली घालून किती दिवस राहणार? अक्का भावाकडं भिवंडीला निघाल्या. टांगा नळापाशी आला तेव्हा रांग भरलेली होती. दुकानाच्या पायरीवर वडील होते, मी होतो, सह्या करणारे बरेच होते. अक्कांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. बोट वर गेलं नाही. कुणी बोलतच नव्हतं.

आता नळावर रोज भांडण असतं.

चौकशी येत्या सोमवारी आहे. तिथं अक्कांची नोकरी जाईल किंवा राहील, आणि साहेबांपुढं कागद आहे तो तुमचाच. माझे वडील येतील की नाही, मला माहीत नाही, आणि हे लिहिताना मान वर होत नाही. तुम्ही या. फोन करू नका. पायी या, साहेबांसमोर उभे राहा आणि सही मागं घेतो म्हणा. एकेकानं बोला.