हात पेटीत असताना आलेलं स्थळ

आमच्या सुप्याजवळच्या संस्थेत दहा प्रयोग केले की एक जमतो. उरलेल्या नऊंचे किस्से होतात! मी तिथला ऑर्गॅनोमेटॅलिक केमिस्ट. म्हणजे धातूंची संयुगं करायची आणि त्यांतून चांगले कॅटॅलिस्ट शोधायचे. त्यामुळे माझ्याकडे किश्शांचा साठा भरपूर आहे.

*

कोल्हारला घरी सहज बोलून गेलो, "आम्ही रोडियम वापरतो. सोन्याहून महाग!" दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात. पदराखालून पाटली काढली. "कुनाला सांगू नको, पन ही खरी हाय का बघ. सासूनं दिलीय. मला पैल्यापास्नं डाऊट हाय!"

*

फॉस्फिन नावाची आमची रसायनं इतकी उग्र, की वास कपड्यांत मुरतो. एसटीत माझ्या शेजारची सीट कायम रिकामी. एकदा कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "साहेब, लसणाचा टेम्पो पलटी झाला काय अंगावर?" तिकीट त्यानं लांबूनच दिलं.

*

एकदा एक रिअॅक्शन झकास जमली. आमच्या विभागप्रमुख साळवे मॅडम खूश. हौसेनं नवंकोरं सामान आणलं, आणि रिअॅक्शन ठप्प! बऱ्याच दिवसांनी कळलं, फ्लास्कमध्ये ढवळायला फिरतो त्या जुन्या मॅग्नेटवर धातूचा काळा डाग होता. सगळं काम तो डागच करत होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चला, रिसर्च पेपरमध्ये पहिलं नाव कुणाचं, ते ठरलं."

*

खरा घोर होता माझ्या लग्नाचा. आईनं हाय खाल्ली होती आणि, खोटं कशाला बोलू, मलाही एकट्यानं जेवायचा कंटाळा आला होता.

एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कॅटॅलिस्ट म्हंजी काय वो?"

"दोघांना पटकन जुळवून देतो, आणि स्वतः होता तसाच राहतो."

त्यांचे डोळे चमकले. "मग आमच्या पुतनीचं बगा की कुटंतरी!"

मुलीनं मला नकार दिला. पुतणीचं मात्र माझ्या मित्राशी जमलं. त्या लग्नात मी जिलेबी वाढत असताना आई कानाशी येऊन म्हणाली, "तू हायेस तसाच ऱ्हा!"

*

मग राहात्याचं स्थळ आलं. स्नेहल, शाळेत शिक्षिका. फोटो बघूनच मी खलास! रविवारी घरी यायचं ठरलं होतं, पण तिच्या मामांनी पुण्याला जाता जाता तिच्यासकट गाडी थेट आमच्या लॅबवर आणली.

मी ग्लोव्हबॉक्सवर होतो. म्हणजे काचेची बंद पेटी. आत हवा लागताच पेटणारा माल, आणि पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत. हातातलं सोडलं तर महिन्याची मेहनत वाया. नमस्काराला हातच नाहीत! त्यात घामानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, म्हणून मान मागे टाकून बोलत होतो.

मामा भडकले. "लई शिकला म्हनून काय झालं? हात जोडत न्हाई, वरनं नाक वर करून बोलतोय! चला, न्हाई जमायचं."



स्नेहल जागची हलली नाही. मग पुढं आली, एका बोटानं माझा चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही कँटीनला चहा घ्या. ह्यांचे हात मोकळे होईपर्यंत मी थांबते."

काम पाच मिनिटांचं उरलं होतं. मी दोन तास लावले!