द्वारकाला मी बोलतं केलं

“पास,” द्वारका म्हणाली.

सलग सहाव्या मीटिंगला तिचा हाच एक शब्द होता. मी वहीत तिच्या नावापुढे रेघ मारली आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. मनातून मात्र चिडले होते.

एकोणनव्वद-नव्वदची गोष्ट. पनवेलजवळच्या एका औषध कंपनीत मी पर्सोनेल ऑफिसर होते. तेव्हा कारखान्यांत क्वालिटी सर्कलची लाट होती. एका डिपार्टमेंटमधल्या आठ-दहा कामगारांनी आठवड्यातून तासभर एकत्र बसायचं, कामातली एक अडचण निवडायची आणि तिच्यावर आपणच उपाय शोधायचा, असं ते होतं. साहेबांनी मध्ये पडायचं नाही. मीटिंग चालवतो तो फॅसिलिटेटर. मुंबईला पाच दिवसांचं ट्रेनिंग घेऊन मी फॅसिलिटेटर झाले होते. नियम पाठ होते. खुर्च्या गोल मांडा, म्हणजे कोणी वर-खाली राहत नाही. प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू द्या. काही सुचलं नाही तर त्याने ‘पास’ म्हणावं. आणि गप्प माणसाला बोलतं करा.

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत आवडायचा. माझी आई चारचौघांत कधी बोलली नाही. मी बोलायला शिकले ती कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांत. गप्प बाई दिसली की मला वाटायचं, हिला कोणीतरी दाबलंय आणि हिला सोडवायचं काम आपलं आहे.

आमचं सर्कल पॅकिंग डिपार्टमेंटचं. नऊ माणसं. चार बायका, पाच पुरुष. सुपरवायझर कुरियन केरळचा, त्याचं हिंदी त्याच्यापुरतं. तळोज्याची जैबून सगळ्यांत जुनी. बाकीचे बहुतेक पनवेल-उरण पट्ट्यातल्या गावांतले. जमिनी प्रकल्पांसाठी गेल्या म्हणून नोकरीला लागलेले. त्यांत तीन म्हात्रे. त्या भागात म्हात्रे आडनावाची शंभर घरं सापडतील, म्हणून मी कधी कोणाला पुढचं विचारलं नाही.

आम्ही घेतलेली अडचण अशी होती. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या गळत होत्या. दुकानदारांकडून खोकी परत येत होती, चिकट झालेली, मुंग्या लागलेली. बाटलीवर अ‍ॅल्युमिनियमचं झाकण बसवायचं मशीन हरिश्चंद्र म्हात्रे चालवायचा. चाळिशीचा, शांत, कामाला पक्का. पट्ट्यावरून बाटली पुढे आली की द्वारका ती उलटी करून उजेडात धरायची. गळतेय का, आत कचरा आहे का, हे पाहायची. दिवसाला हजारो बाटल्या तिच्या हातून जात. ती टेंपररी होती, पण नजर इतकी तयार की कुरियनने तिला पर्मनंट करा म्हणून लिहून दिलं होतं. कागद माझ्याच टेबलावर होता.

झाकणाचा पत्रा तपासला, बाटलीचं तोंड मोजलं. सहा आठवडे गेले. गळती तशीच.

द्वारका मीटिंगला यायची ती शेवटी. आली की खुर्ची तिरकी करायची. पांढऱ्या कोटाखाली साडी, डोक्यावर कंपनीची टोपी. ती टोपी कपाळापर्यंत ओढून भिंतीकडे बघत बसायची. मी दर वेळी म्हणायचे, “द्वारका, खुर्ची सरळ कर. इथे सगळे सारखे.” ती करायची. पाच मिनिटांत खुर्ची पुन्हा तिरकी.

एकदा कँटीनमध्ये जैबून माझ्या टेबलापाशी आली.

“मॅडम, द्वारका को मीटिंग में मत पूछो. अलग से पूछो. बहोत कुछ मालूम है उसको.”

“मग सगळ्यांसमोर का नाही बोलत?”

“नहीं बोल सकेगी.”

“बोलेगी. आदत हो जाएगी.”

 जैबून डबा धुवायला निघून गेली. मी तिला थांबवून ‘का?’ एवढंच विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्याच आठवड्यात वर्क्स मॅनेजर मेहता साहेबांनी बोलावलं. सर्कलची स्पर्धा होती, मुंबईत. प्रत्येक मेंबरने स्टेजवर दोन वाक्यं तरी बोलायची होती.

“आपकी वो इन्स्पेक्शनवाली लडकी? सुना है, एक शब्द नहीं बोलती.”

“बोलेगी, सर.”

पुढच्या मीटिंगला मी ठरवूनच गेले. द्वारकाची खुर्ची स्वतः सरळ केली. गोलात ती नेमकी हरिश्चंद्रच्या समोर आली. पाळी तिच्यावर आली तेव्हा तिने ‘पास’ म्हणायला तोंड उघडलं आणि मी म्हणाले, “आज पास चालणार नाही. गळकी बाटली सगळ्यांत आधी तुझ्या हातात येते. तुला माहीत नाही असं होणारच नाही. सांग.”

“मला नाय म्हाईत.”

“द्वारका, वर बघून बोल.”

जैबूनने मान खाली घातली. मी गप्प बसले. थांबायचं, शांतता भरून काढायची नाही, हेही ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. बराच वेळ गेला. द्वारकाचे कान लाल झाले होते. शेवटी जमिनीकडे बघत ती भरभर बोलली.

“जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन जोरात चालते. मंग झाकण बराबर बसत नाय. त्याच बाटल्या गळतात. सकालच्या नाय गळत.”

सगळ्यांची नजर हरिश्चंद्रकडे गेली. त्याचा चेहरा उतरला होता. टेबलाकडे बघत तो म्हणाला, “लिवा मॅडम. खरं हाय.”

मी टाळ्या वाजवल्या. इतरांनीही वाजवल्या, जरा उशिराने. मला वाटलं, आज आपण एक मोठं काम केलं.

मशीनचा स्पीड एका ठिकाणी कायमचा बांधून टाकला. झाकण दाबणारा झिजलेला रोलर बदलला. गळती थांबली. मेहता साहेबांनी मला शाबासकी आणि हरिश्चंद्रला मेमो दिला. मी मीटिंगचा रिपोर्ट टाइप करून घेतला. ‘श्रीमती द्वारका म्हात्रे यांनी असे निदर्शनास आणून दिले की...’ नाव मुद्दाम घातलं. बाईला श्रेय मिळायला हवं होतं. रिपोर्ट गेटजवळच्या नोटीस बोर्डावर लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तो वाचला.

दुसऱ्या सोमवारपासून द्वारका आली नाही.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा कागद घेऊन माझ्या ऑफिसात आला. राजीनामा होता. खाली तिची सही.

“आता ती येनार नाय.”

“का? ती पर्मनंट होणार आहे. तुम्हाला माहीत आहे ना?”

“म्हाईत हाय.” तो उभाच राहिला. “मॅडम, हरिश्चंद्र माजा सख्खा मोठा भाव. आमी एका घरात ऱ्हातो. लगीन झाल्यापासून ती त्याच्यासमोर उभी ऱ्हायली नाय, की बोलली नाय. आमच्यात मोठ्या दिरासमोर बाई बोलत नाय. तुमी तिला समोर बशीवलंत, बोलायला लावलंत, तेबी त्याची चूक. आनि वर बोर्डाला लावलंत.”

“तिने मला सांगायचं ना!”

“तुमी विचारलं का?”

मी जैबूनकडे गेले. तू तरी नीट सांगायचंस, म्हणाले. ती म्हणाली, “मुझे लगा आपको मालूम होगा. रिश्तेदारी तो आप ही के लोगों की है. मैं क्या बताती?”

मग हरिश्चंद्रला बोलावलं. त्याला म्हटलं, तुम्ही घरी सांगा, तिला परत पाठवा. तो दारातच थांबला.

“मी तिला काय नाय बोललो मॅडम. तिची चूक नाय. पन आई जेवत नव्हती दोन दिस. गावात लोकं इचारतात, तुज्या घरातली बाई तुला मेमो देते काय. मी कोनाकोनाचं तोंड धरू?” जाता जाता तो वळला. “आनि मशीन फास्ट कर असं मला कोन सांगत होता, ते तुमी मीटिंगमदी नाय विचारलंत.”

तेही खरं होतं. सकाळी मशीन बंद पडलं की दुपारी टार्गेट भरून काढायला कुरियन सांगायचा. कुरियनला मेहता सांगायचे. कारण सापडल्याच्या आनंदात मी एका माणसापाशी थांबले होते. मेमो मागे घ्या म्हणून मी मेहतांना भेटले. ते म्हणाले, “मॅडम, अब वापस लिया तो कॉम्पिटिशन में क्या दिखाएँगे?” मी दुसऱ्यांदा गेले नाही.

एका रविवारी द्वारकाच्या घरी गेले. सासूने ओटीवर बसवलं, पाणी दिलं, सुकटाचा वास येत होता त्या आतल्या खोलीकडे बघून हाक मारली आणि स्वतः तिथेच बसून राहिली. द्वारका दाराच्या आड उभी राहिली. डोक्यावरून पदर. कंपनीत सहा महिने रोज पाहिलेली मुलगी मला पटकन ओळखू आली नाही.

“मी तुझी पर्मनंटची ऑर्डर काढते. दुसरं डिपार्टमेंट देते. येशील?”

“नको मॅडम.”

“माझ्यावर रागावलीस?”

 ती हळू म्हणाली, “मला कारन म्हाईत होतं. पयल्या दिवसापासून. तुमी डबा खाताना विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. मी तर वाट बघत होते, कोन विचारतं त्याची.”

सासू म्हणाली, “चल, भात उतरव.” ती आत गेली.

मुंबईच्या स्पर्धेत आमच्या सर्कलला दुसरं बक्षीस मिळालं. इन्स्पेक्शनची दोन वाक्यं जैबूनने पाठ करून म्हटली. हरिश्चंद्र आला नाही. बक्षिसाची ढाल बरीच वर्षं मेहतांच्या केबिनमध्ये होती.

नंतर मी पद्धत बदलली. बायकांना आधी वेगळं भेटायचं, जेवणाच्या वेळी, त्यांच्यात बसून. चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या, नाव न घालता. लिहिता येत नसेल त्याची चिठ्ठी मी लिहायची. रिपोर्टात माणसाचं नाव घालायच्या आधी त्याला विचारायचं. आणि कोणतंही सर्कल सुरू करण्याआधी कोण कोणाचं कोण लागतं, हे जुन्या माणसाकडून समजून घ्यायचं. त्यानंतर मी चालवलेल्या मीटिंगांमुळे कोणाला नोकरी सोडावी लागली नाही. त्या मीटिंगांना बक्षीसही मिळालं नाही.

दिरासमोर बोलू नये ही रीत मला तेव्हा पटत नव्हती, आजही पटत नाही. पण ती मोडायची की नाही, कधी मोडायची, हे द्वारकाने ठरवायचं होतं. ते मी तिच्या वतीने, नऊ माणसांसमोर, कामाच्या वेळेत ठरवून टाकलं. त्याची किंमत मात्र माझ्या पगारातून गेली नाही.

रिटायर झाल्यावर नव्या मुलामुलींना मी कधीकधी ट्रेनिंग द्यायला जाते. गप्प माणसाला बोलतं कसं करायचं, हे ते हमखास विचारतात. मी सांगते, आधी तो गप्प का आहे ते शोधा. बऱ्याचदा ते कळलं की त्याला बोलायला लावायची गरजच उरत नाही. मुलं हे लिहून घेतात. द्वारकाचं नाव मी त्यांना सांगत नाही.