नकाशात न दिसलेल्या चौदा जणी

नगराळे सर आमच्या वस्तीवर पहिल्यांदा आले, तेव्हा माझे पती जाऊन वर्ष झालं होतं. मारेगावहून वणीकडे मजूर नेणारी गाडी उलटली, त्यात ते गेले. गाडीत जागेच्या दुप्पट माणसं होती. नंतर आम्ही बायकांनी सकाळच्या बससाठी कचेरीत अर्ज केला. बस काही आली नाही, आणि कापूस वेचायला जायचं, तर गाडी तशीच भरलेली.

सर अर्थशास्त्र शिकवतात. मोबाईल सकाळी कुठे आणि दुपारी कुठे असतात, हे टॉवरच्या नोंदींवरून पाहून, गरीब आणि सुखवस्तू माणसं कामासाठी किती लांब जातात, याचा त्यांनी अभ्यास केला. अहवाल कचेरीत दिला, की तो ज्यांच्याविषयी आहे त्यांनाही वाचून दाखवायचा, ही त्यांची रीत. समाजमंदिरात नकाशा पसरून त्यांनी वाचलं, "गरीब वस्त्यांतल्या स्त्रिया कामासाठी फारशा बाहेर जात नाहीत."

शेजारची शांताबाई म्हणाली, "काहून जी सर, आमी दिवसभर घरीच लोळून राह्यलो काय?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "सर, घरात फोन एकच. तो पोरीच्या अभ्यासाले घरी राह्यते. आमी चौदा जणी जातो, अन् गाडीत फोन एकट्या मजूर नेणाऱ्या मुकडदमाचा."

सरांनी नकाशावर बोट ठेवलं. "म्हणजे हा एक ठिपका तुम्ही चौदा जणी?"

"मुकडदम धरून पंधरा," शांताबाईनं दुरुस्त केलं.

सर हसले नाहीत. बायका बाहेर जातच नाहीत, तर बस कशाला, असं म्हणून त्या अहवालावर आमचा अर्ज बाजूला पडणार होता, हे त्यांना तिथंच कळलं. झालं ते कशाला उकरता, असं सांगणारे होते. तरी आपला निष्कर्ष चुकला, असं त्यांनी स्वतः कचेरीला लिहून कळवलं. मग वेचणीचा सगळा हंगाम ते पहाटे फाट्यावर वही घेऊन उभे राहिले. कोण कुठे जाते, किती मजुरी मिळते, एकेकीला विचारून लिहिलं. आमच्या गाडीतही दांडा धरून उभ्यानं आले.

एकदा मी विचारलं, "माझे मालक असतील काय जी तुमच्या नोंदीत? तवा फोन त्यांच्यापाशी राहे."

"असतील, नोंदी त्या वर्षीच्याही आहेत," सर म्हणाले. "पण नोंदीत नावं नसतात, बाई. मला ते ओळखू येणार नाहीत."

मला बरं वाटलं, असं नाही. पण खोटा धीर त्यांनी दिला नाही, हे मी विसरले नाही. मला वाचनाची आवड आहे, हे कळल्यापासून ते येताना पुस्तक आणतात आणि पुढच्या खेपेला विचारतात, "यातलं काय पटलं नाही?" शाळा चौथीत सुटलेल्या बाईला असं कोणी विचारत नाही.

बस अजून सुरू झालेली नाही. त्या वहीवरून लिहिलेला सरांचा नवा अहवाल कचेरीत पडून आहे आणि ते दर महिन्याला विचारायला जातात. आता त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. गुडघे दुखतात, कचेरीचे जिने चढवत नाहीत. त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो आणि पाय धड राहोत. या मागण्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आमच्यासाठी ते जिने चढणारं दुसरं कोणी नाही.