पाच माणसांची ऊब

पुढच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. कानसेन ड्रायव्हरच्या जागेवर बसून तो नखाने खरवडत होता आणि तिसऱ्यांदा खरवडताना त्याचा हात जागच्या जागी थांबला.

काचेला बाहेरून बर्फ धरणं हे या खोलीत नवल नव्हतं. गाड्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला असलेली ही शीतखोली. जाड दाराची, उणे सात अंशांवर ठेवलेली. प्रत्येक नव्या गाडीची हिवाळ्याची परीक्षा इथेच होई. पण आतून एवढा थर? त्याने मान वळवली. शेजारच्या खिडकीवर थर होता, मागच्या दोन्ही खिडक्यांवरही. काल जिथे जिथे माणूस बसला होता, तिथे तिथे काचेवर पांढरं वर्तुळ उमटलं होतं.

काल गाडीत पाच जण होते. त्यांच्या श्वासाची वाफ मागे राहून रात्रभर काचेवर गोठली होती.

श्वास होता म्हणजे माणसं होती. माणसं होती म्हणजे त्यांच्या अंगाची ऊबही होती.

त्याला कानसेन म्हणत ते त्याच्या कानामुळे. विजेवरच्या गाडीत उबेसाठी हीट पंप असतो; बाहेरच्या थंड हवेत जी काही थोडी उष्णता उरलेली असते ती ओढून तो गाडीत आणून सोडतो. बोचऱ्या हवेत त्याच्या बाहेरच्या जाळीवर बर्फ साचतो आणि मग पंपाला ऊब आणायचं सोडून आधी तो बर्फ वितळवत बसावं लागतं. कारखान्याची रीत होती घड्याळाची: बर्फ असो वा नसो, दर चाळीस मिनिटांनी वितळवा. कानसेनला ती रीत म्हणजे भूक नसताना जेवायला उठवण्यासारखी वाटे. तो गाडीत बसून जाळीमागच्या पंख्याचा आवाज ऐके. बर्फ खरोखर साचला की पंख्याचा घसा बसतो, हे त्याला एखाद्याच्या पडशासारखं कळे. "घड्याळाला विचारू नका, पंख्याला विचारा," असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. शेवटी मॅडमनी, म्हणजे त्याच्या विभागाच्या प्रमुखांनी, ते मनावर घेतलं. पंख्यावरचा भार मोजून तेवढ्यापुरता बर्फ वितळवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहून घेतला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या डोक्यातून निघालेली ही एकच गोष्ट गाडीपर्यंत पोचली होती.

चाचण्यांत वीज सहा टक्के वाचली, कधी सात. काल मोठे साहेब स्वतः आले. "मला आत बसून बघायचंय हे," म्हणाले. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन पाहुणे, मॅडम आणि स्टिअरिंगवर कानसेन. तासाभराने आकडा आला, एकोणीस टक्के. साहेबांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याची टोपी पडली. आणि त्याच संध्याकाळी हुकूम सुटला: रस्त्यावर चाचणीसाठी दिलेल्या तीन पार्सलगाड्यांत हा प्रोग्रॅम आणि पल्ल्याच्या हिशेबात हा आकडा आजच घाला.

त्या तिन्हींतली एक गाडी त्याची बायको चालवत होती.

कानसेन घाईने गाडीतून उतरला. एक माणूस स्वस्थ बसला तरी शंभर वॅटच्या बल्बाएवढा तापतो, हे त्यानेच नव्या लोकांना शिकवलं होतं. पाच माणसं म्हणजे पाच बल्ब, तासभर पेटलेले. पंपाने काम कमी केलं होतं, कारण ते काम हौसेने पाहायला आलेली माणसंच त्यातलं बरंचसं करत होती. आणि ज्या जुन्या आकड्यांशी ताडून हे एकोणीस काढले, ते दुसऱ्या पाळीतल्या माणसाने रिकाम्या गाडीवर, काचेबाहेर उभं राहून घेतले होते. नियमच तसा होता. चाचणीच्या कागदावर छापलेलंच होतं: प्रवासी नाहीत. कालसुद्धा त्याखाली त्याने सही केली होती.

त्याने बायकोला फोन लावला. घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना ती फोन पिशवीत टाकून पिशवी सीटखाली सारत असे. त्याबद्दल तो चारचौघांत तिचं कौतुक करी.

सकाळी ती निघाली तेव्हा केवढी खुशीत होती. आजवर हिवाळ्यात ती हीटर लावतच नसे. हीटर लावला की गाडीचा पल्ला घटतो आणि शेवटची चार घरं राहून जातात. संध्याकाळी घरी आली की तिच्या बोटांना कुलपात किल्लीही फिरवता येत नसे. आज मात्र तिने गाडीतला आकडा बघून दारातूनच हाक मारली होती, "अहो, शहाण्णव किलोमीटर दाखवतेय, हीटर लावून! माझी फेरी चौऱ्याण्णवची. आज मी राणीसारखी जाणार!"

"जा की," तो म्हणाला होता. "कुणाचा नवरा आहे मी!"

मॅडमच्या खोलीचं दार त्याने न ठोठावताच ढकललं.

"काका? काय झालं? चेहरा असा का?"

"मॅडम, एकोणीस खोटे आहेत."

"मीटर बिघडला?"

"मीटर चोख आहे. आपण पाच जण आत बसलो होतो."

मॅडम हसणार होत्या. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरलं. त्यांनी समोरचा कागद उलटा केला, पेन उचललं, पाच गुणिले शंभर लिहिलं आणि पेन तसंच हातात राहिलं.

"मी स्वतः बसले होते," त्या हळूच म्हणाल्या. "काका, मी इंजिनियर आहे हो. एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

"रस्त्यावर तीन गाड्या आहेत, मॅडम."

त्या दचकून उठल्या. पार्सल कंपनीच्या कार्यालयात फोन गेला. शहरातल्या दोन गाड्या अर्ध्या तासात परत फिरल्या. तिसरी लांबच्या फेरीवर होती आणि फोन उचलत नव्हती. कार्यालयातल्या पडद्यावर तिचा ठिपका पुढे सरकत होता. कानसेन फोन कानाला लावून तिथला माणूस सांगेल ते ऐकत राहिला. आता एकाहत्तर झाले. आता ऐंशी. आता घाटाचा चढ लागला. नव्वदच्या जरा पुढे तो माणूस गप्प झाला.

"काय झालं?"

"ठिपका थांबलाय साहेब."

टोइंगवाल्या गाडीत बसून तो तिच्यापाशी पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वाटेवर धुकं होतं आणि पार्सलगाडीचे लुकलुकणारे दिवेही विझत आले होते. ती आत अंगाचं मुटकुळं करून बसली होती. त्याने दार उघडलं, तरी ती हलली नाही.

"आलात?" ती म्हणाली. दातांवर दात आपटत होते. "दार लावा आधी. आहे तेवढी ऊब बाहेर घालवू नका."

तो आत शिरला. तिची बोटं त्याने आपल्या काखेत धरली. ती बर्फाची होती.

"वळणावरच बंद पडली. मागून ट्रक येत होता. एवढ्या अंतरावरून गेला," तिने हाताने दाखवायचा प्रयत्न केला, पण हात त्याच्या काखेत होता. "शेवटपर्यंत तो पडदा पाच किलोमीटर दाखवत होता हो. पाच! मग एकदम शून्य."

"आकडा चुकला."

"कुणाचा?"

"माझा." त्याने तिला सगळं सांगितलं. श्वासाची वर्तुळं, पाच माणसं, साहेबांची हौस. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं.

"म्हणजे गाडी तापवली साहेबांच्या पाहुण्यांनी, आणि गोठले मी," ती म्हणाली. "मग खरा आकडा किती?"

"सहा-सात. आधीच्या चाचण्यांत तेवढाच यायचा. तेव्हा हे लोक नव्हते."

"कोण होतं तेव्हा?"

"कुणी नाही. मी एकटा."

"कुठे?"

त्याची नजर समोरच्या काचेवर आतून धरलेल्या वाफेकडे गेली.

अकरा वर्षांपूर्वी आवाज टिपणारं यंत्र बिघडलं होतं आणि तेव्हाच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, एवढा आठवडा आत बसून ऐक. आठवडा संपला, यंत्र दुरुस्त झालं, तरी तो बसतच राहिला. कानसेन आत बसतो, हे खोलीच्या दाराइतकं सगळ्यांच्या सवयीचं झालं. तो प्रवासी नव्हता. तो कामावर होता. काचेवर आतून पुसटशी वाफ धरायची, ती तो बाहीने पुसायचा आणि ऐकत राहायचा.

"अहो," बायकोने त्याला हलवलं. "तुम्ही कुठे बसायचात?"

"आत."

"किती चाचण्यांना?"

तो मनात मोजू लागला. या पंख्याच्या चाचण्या, त्याआधीच्या दारांच्या रबराच्या, काचांच्या, जुन्या छोट्या गाडीच्या, जी आता गल्लोगल्ली फिरत होती. आकडे डोळ्यांसमोरून जाऊ लागले आणि त्या प्रत्येकात त्याला एक बल्ब पेटलेला दिसू लागला; सहा-सातही खरे नव्हते.

"सगळ्या," तो म्हणाला.

तिने बोटं त्याच्या काखेतून काढून घेतली. रागाने नव्हे, ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू कुणाच्या घरी वाईट बातमी कळवायला निघावं आणि ते घर आपलंच निघावं.

टोइंगवाल्याने काचेवर टकटक केली. पुढे चला, म्हणाला, साखळी लावली आहे. दोघं उतरून त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले. तिने न विचारताच हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवली. कानसेनने खिशातून फोन काढून मॅडमना लावला. त्यांचा आवाज आला, घाबरा: "काका, सापडल्या का त्या? ठीक आहेत ना?"

"ठीक आहे ती," तो म्हणाला. त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. "मॅडम, आणखी एक सांगायचंय. तुम्ही बसल्या आहात ना?"